पासपोर्ट बघायच्या आधी : ग्वांगझू, एप्रिल २०२०

८ एप्रिल २०२० ला वुहान उघडलं. ७६ दिवसांची टाळेबंदी संपली, मध्यरात्री टोलनाक्यांवरचे अडथळे हटले आणि गाड्यांची रांग शहराबाहेर पडली. चीनने साथ आटोक्यात आणली, अशी ती जगभर गेलेली बातमी होती. त्याच आठवड्यात तिथून रेल्वेने हजारेक किलोमीटर दक्षिणेला, ग्वांगझू शहरात, माणसं सामानासकट रस्त्यावर आली. नायजेरिया, केनिया, घाना, युगांडा, सिएरा लिओन इथली माणसं. कुणाला घरमालकाने तासाभरात खोली रिकामी करायला सांगितलं होतं, कुणाला हॉटेलने दारातच नाही म्हटलं होतं. मोबाइलवरून फिरलेल्या त्या आठवड्याच्या चित्रफितींमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं ते सामान. फुटपाथवर उभ्या केलेल्या चाकांच्या बॅगा, त्यांवर डोकं टेकून बसलेले लोक, आणि त्यांना इथून हला म्हणणारे गणवेशातले लोक. हलून जायचं कुठे, हे कुणी सांगत नव्हतं.

चीन आणि आफ्रिका यांच्याबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक कर्ज, बंदरं, खाणी आणि रेल्वे यांबद्दल. राष्ट्रं राष्ट्रांशी व्यवहार करतात, त्याचा तो हिशेब. पण या नात्यात रोजची माणसंही आहेत : भाडेकरू आणि घरमालक, गिऱ्हाईक आणि दुकानदार, रुग्ण आणि परिचारिका. तिथे कातडीचा रंग किती काम करतो, हे एरवी सिद्ध करणं कठीण असतं, कारण दर वेळी दुसरं काहीतरी कारण पुढे करता येतं. ग्वांगझूच्या त्या दोन आठवड्यांत ती कारणं एकेक करून तपासून बघता येतात. म्हणून हेच प्रकरण घेतलं.

शाओबेइ आणि सानयुआनली

मुंबईकर व्यापाऱ्यांना ग्वांगझू नवं नाही. जुन्या मुंबईच्या पारशी शेठांची गलबतं कापूस आणि अफू घेऊन जिथे जायची ते कँटन म्हणजे हेच. आणि आज मशीद बंदरचा माणूस कँटन फेअर या व्यापारी जत्रेला जातो तोही इथेच. आफ्रिकी व्यापारी इथे आले ते बरेच उशिरा. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर बँकॉक, जकार्ता, हाँगकाँग इथे माल उचलणारे लोक थेट कारखान्यांच्या दाराशी येऊ लागले. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि ओघ वाढला. माली, गिनी, सेनेगल, काँगो इथले फ्रेंच बोलणारे लोक शाओबेइ भागात स्थिरावले. नायजेरियाचे, त्यातही इग्बो जमातीचे, सानयुआनलीच्या बाजूला. शाओबेइतल्या तिआनशिऊ नावाच्या उंच इमारतीत मजल्यामजल्यावर दुकानं. जीन्स, बूट, केसांचे टोप, मोबाइल, गाड्यांचे सुटे भाग. भाषा एकमेकांना येत नाही म्हणून भाव ठरायचा कॅल्क्युलेटरवर : दुकानदार आकडा टाकून यंत्र पुढे सरकवणार, गिऱ्हाईक तो पुसून आपला टाकणार, असं चार-पाचदा. सौदा पटला की गोणी बांधायची, चिकटपट्टी फाडल्याचा करकर आवाज, आणि माल बोटीने लागोसकडे किंवा मोंबासाकडे.

शहराने या भागाला नाव दिलं ‘चॉकलेट सिटी’. म्हणणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, लाडाचंच नाव वाटत होतं.

सानयुआनलीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १८४१ मध्ये, पहिल्या अफूयुद्धात, इथल्या गावकऱ्यांनी ब्रिटिशांच्या फौजेला घेरलं होतं. चिनी पाठ्यपुस्तकांत परकीयांविरुद्धच्या जनतेच्या उठावाची ही पहिली पायरी म्हणून शिकवतात. तिथे स्मारक आहे. घेरल्या गेलेल्या त्या फौजेत मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीचे हिंदी शिपाई होते. म्हणजे परका म्हणजे कोण, हा प्रश्न या मोहल्ल्याला जुना आहे, आणि त्या प्रश्नाच्या एका कोपऱ्यात आपणही उभे आहोत.

किती लोक होते हे? लोकांच्या तोंडी लाखांचे आकडे असायचे. २०१४ मध्ये इबोलाची भीती पसरली तेव्हा शहराच्या अधिकाऱ्यांनी १६ हजारांच्या आसपास असा आकडा दिला होता. २०१९ च्या अखेरीस तो १३,६५२ होता आणि एप्रिल २०२० मध्ये ४,५५३. दीड कोटीच्या शहरात साडेचार हजार. आणि त्याच एप्रिलमध्ये चिनी समाजमाध्यमांवर अफवा काय, तर ग्वांगझूत ३ लाख काळे लोक आहेत आणि ते दुसरी लाट आणणार आहेत. पोलिसांना ती अफवा जाहीरपणे खोडावी लागली.

त्यांतल्या बहुतेकांचा व्हिसा थोड्या दिवसांचा. मुदत संपल्यावर राहिलेलेही काही. २०१३ च्या जुलैपासून लागू झालेल्या कायद्याने मुदतबाह्य राहण्याला दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १० हजार युआन दंड ठेवला. परदेशी माणूस खाजगी घरात उतरला तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करणं बंधनकारक. पोलिसांच्या बोलण्यात ‘सान फेई’ हा शब्द रुळला : तीन बेकायदा गोष्टी, प्रवेश, वास्तव्य आणि काम. कागदावर तो कुठल्याही परदेशी माणसाला लागू होता. शाओबेइत तो ऐकू यायचा तेव्हा मात्र एकाच रंगाचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. २००९ च्या जुलैत पासपोर्ट तपासणीपासून पळताना एक नायजेरियन माणूस इमारतीवरून पडून गंभीर जखमी झाला आणि शंभरावर आफ्रिकी लोकांनी पोलीस ठाण्यासमोर रस्ता अडवला. चीनमध्ये परदेशी लोकांनी असं उघड निदर्शन करणं ही साधी गोष्ट नव्हती. २०१२ मध्ये पोलीस कोठडीतल्या एका मृत्यूनंतर पुन्हा तसंच झालं. २०२० चा एप्रिल आभाळातून पडलेला नव्हता.

साथीचा आठवडा

मार्चअखेर चीनमधला देशांतर्गत प्रसार जवळपास थांबला होता. आता धास्ती होती ‘बाहेरून येणाऱ्या’ रुग्णांची. २८ मार्चपासून परदेशी लोकांना प्रवेश बंद झाला. त्याच सुमारास उपपरराष्ट्रमंत्री लुओ झाओहुई (हे आधी दिल्लीत राजदूत होते) यांनी सांगितलं होतं की बाहेरून आलेल्या रुग्णांपैकी ९० टक्के चिनी पासपोर्टधारक आहेत. म्हणजे लंडन, न्यूयॉर्क, मिलानहून परतलेले लोक. हा आकडा सरकारनेच दिला, वर्तमानपत्रांत आला, आणि लोकांच्या मनात शिरला नाही. ‘बाहेरून आलेला’ म्हटलं की परदेशी माणूसच उभा राहिला. त्या दिवसांत एक व्यंगचित्रमालिकाही फिरत होती : साथीचे नियम मोडणाऱ्या परदेशी लोकांना संरक्षक पोशाखातले कर्मचारी कचऱ्यासारखे वेगवेगळ्या डब्यांत टाकतायत.

१ एप्रिलला ग्वांगझूच्या एका रुग्णालयात विलगीकरणातल्या नायजेरियन रुग्णाने, बाहेर जाऊ न देणाऱ्या परिचारिकेला मारहाण केली, तिचा चावा घेतला. घटना खरी होती आणि त्यावरचा लोकांचा संतापही रास्त होता. मग युएशिऊ जिल्ह्यात पाच नायजेरियन बाधित सापडले. त्यांनी विलगीकरण मोडून आठ खानावळी आणि इतर ठिकाणी फेरफटका मारला अशी बातमी आली. जवळपास २ हजार लोकांना तपासावं किंवा वेगळं ठेवावं लागलं. एका खानावळीच्या चिनी मालकिणीला आणि तिच्या मुलीला लागण झाली. युएशिऊ आणि बाइयुन हे दोन जिल्हे ‘कमी’ जोखमीतून ‘मध्यम’मध्ये गेले.

आता त्या दिवसांतला शहराचा हिशेब बघा. ९ एप्रिलपर्यंत ग्वांगझूत बाहेरून आलेले ११४ रुग्ण नोंदले गेले होते. त्यांतले आफ्रिकी १६. बाकीचे सगळे परतलेले चिनी नागरिक.

तपासणी झाली ती मात्र आफ्रिकी लोकांची, एकूण एकाची. ४ एप्रिलपासून सर्व ४,५५३ जणांची चाचणी केली, १११ बाधित निघाले. अडीच टक्क्यांच्या आत, पण अगदीच नगण्यही नाही. हा आकडा चिनी बाजूने नेहमी पुढे केला जातो आणि तो बाजूला सारून चालणार नाही. ज्या भागात साखळी सापडली तिथे दाट तपासणी करायची, हे साथनियंत्रणाचं साधं सूत्र आहे. पण तपासणी भागाची झाली नाही. त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर, त्याच खानावळीत जेवणाऱ्या चिनी शेजाऱ्याच्या दाराला आपोआप मोहर लागत नव्हती. आणि ज्याने कित्येक महिन्यांत देश सोडला नव्हता, चाचणी नकारात्मक आली होती, कुठल्या रुग्णाशी संबंध नव्हता, त्यालाही १४ दिवस कोंडण्यात आलं. भाडं भरलेलं असूनही घराबाहेर काढलेले होते. पासपोर्ट काढून घेतल्याच्या तक्रारी होत्या. एका चित्रफितीत नायजेरियाच्या वकिलातीतला अधिकारी भर रस्त्यात चिनी अधिकाऱ्यांना याच मुद्द्यावर खडसावताना दिसतो.

कळवण्यात आले आहे की

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे एक कागद. मॅकडोनाल्ड्सच्या ग्वांगझूतल्या एका शाखेत तो दाखवला जात होता, इंग्रजीत. आशय असा : आम्हाला कळवण्यात आले आहे की यापुढे काळ्या लोकांना या उपाहारगृहात प्रवेश नाही, आपल्या आरोग्यासाठी स्थानिक पोलिसांना कळवून वैद्यकीय विलगीकरण करून घ्यावे, गैरसोयीबद्दल समजून घ्यावे. चित्रफीत जगभर गेली, कंपनीने माफी मागितली, ही सूचना आपल्या परवानगीशिवाय लागली असं म्हटलं आणि ती शाखा अर्धा दिवस बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं.

मराठी वाचकाला त्यातलं पहिलं वाक्य लगेच ओळखीचं वाटेल. ‘कळवण्यात येते की’ ही आपल्या सरकारी परिपत्रकांची लाडकी क्रिया. कोणी कळवलं? कर्ता नाहीच. ग्वांगझूत हा कर्ता अखेरपर्यंत सापडला नाही. शहराच्या पातळीवर ‘काळ्यांना बंदी’ असा लेखी हुकूम समोर आला नाही. ११ एप्रिलला अमेरिकेच्या ग्वांगझूतल्या वाणिज्य दूतावासाने आपल्या नागरिकांना सूचना काढली की आफ्रिकी वंशाचे दिसणाऱ्या गिऱ्हाइकांना सेवा देऊ नका असं पोलिसांनी बार आणि उपाहारगृहांना सांगितलं आहे, तेव्हा आफ्रिकन-अमेरिकन लोकांनी शहर टाळावं. अमेरिकेचं आणि चीनचं त्या दिवसांत जोरदार वाजलेलं होतं, त्यामुळे त्या सूचनेवर थोडा संशय ठेवायचा असेल तर ठेवा. पण हॉटेलं, दुकानं आणि घरमालक यांनी एकाच आठवड्यात एकच गोष्ट केली, हे योगायोगाने होत नाही.

माझा अंदाज, आणि तो अंदाजच आहे, असा की हुकूम असावा लागतच नाही. चीनच्या शहरांत साथीचं काम खाली खाली वाटलेलं होतं : शहर जिल्ह्याला सांगतं, जिल्हा रस्त्याच्या कार्यालयाला, ते मोहल्ला समितीला, समिती इमारतीच्या गेटवरच्या पहारेकऱ्याला आणि घरमालकाला. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न : तुमच्या हद्दीत रुग्ण निघाला तर जबाबदार कोण? वरच्या पायरीवर कदाचित ‘आफ्रिकी देशांतून आलेल्यांवर लक्ष ठेवा’ असं वाक्य असेल. खाली येईपर्यंत त्याचं ‘आफ्रिकी लोकांवर’ झालं. गेटवर पोहोचलं तेव्हा ‘काळ्यांवर’. पहारेकरी पासपोर्ट मागत नाही. प्रवासाचा इतिहास विचारत नाही. मोबाइलवरचा आरोग्याचा हिरवा कोड, म्हणजे याच्यापासून धोका नाही असं सांगणारा, दाखवायचा तर ते सगळं चिनी ओळखपत्राभोवती रचलेलं. राहता राहिला चेहरा. घरमालकाचं गणित तर आणखी सोपं : एक भाडेकरू गेला तर महिन्याचं भाडं जातं, ठेवला आणि बाधित निघाला तर इमारतच बंद होते.

हे आपल्याला समजायला फार लांब जावं लागत नाही. मीरा रोडला किंवा नालासोपाऱ्यात घर दाखवणारा दलाल ‘नायजेरियन चालणार नाही’ म्हणतो, तेव्हा समोरचा टांझानियाचा आहे की काँगोचा हे त्याने विचारलेलं नसतं. ‘नायजेरियन’ हा त्याच्या तोंडी देश नसतोच.

मॅकडोनाल्ड्सच्या कागदावर ‘आफ्रिकी’ नव्हतं, ‘काळे’ होतं. खालच्या पायरीवरचा तो अनुवाद नकळत खरं बोलून गेला.

मग हूबेईचं काय?

चिनी मित्राची बाजू घेऊन बोलणारा माणूस इथे एक चांगला प्रश्न विचारेल. हेच सगळं जानेवारी-फेब्रुवारीत हूबेई प्रांताच्या, म्हणजे वुहान ज्यात आहे त्या प्रांताच्या, लोकांना भोगावं लागलं नव्हतं का? हॉटेलांनी त्यांना खोल्या नाकारल्या, शेजाऱ्यांनी त्यांची दारं बाहेरून बंद केली, हूबेईच्या क्रमांकाच्या गाड्या महामार्गांवर अडवल्या. २७ मार्चला हूबेई आणि जियांगशी प्रांतांमधल्या पुलावर तर दोन बाजूंच्या पोलिसांचीच एकमेकांशी बाचाबाची झाली. आपल्याच रक्ताच्या माणसांशी हे केलं, तर आफ्रिकी लोकांशी केलेलं वंशद्वेषाचं कसं?

प्रश्न दमदार आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर ‘बरोबर’ असंच आहे. यंत्र तेच होतं. जोखमीचा शिक्का मारायचा आणि शिक्का असलेल्याला बाहेर ठेवायचं, हा सराव आधी हूबेईवर झाला. पण हूबेईचा शिक्का ओळखपत्रावर होता. प्रत्येक चिनी नागरिकाच्या क्रमांकात त्याचं मूळ ठिकाण असतं. तो क्रमांक बघावा लागतो, मगच माणूस हूबेईचा ठरतो. तोंड बंद ठेवलं तर भुयारी रेल्वेत कुणाला कळत नाही. दुसरं, तो शिक्का पुसला जाऊ शकतो. ८ एप्रिलला, ज्या आठवड्यात शाओबेइत बॅगा रस्त्यावर आल्या त्याच आठवड्यात, सरकारने तो पुसायला सुरुवात केली. वुहानचे लोक वीर ठरले.

आणि तिसरी गोष्ट. अमेरिकन दूतावासाच्या सूचनेत ज्यांना शहर टाळायला सांगितलं ते लोक ना आफ्रिकेतून आले होते, ना त्यांच्याकडे आफ्रिकी देशाचा पासपोर्ट होता. जोखीम जर खरोखर देशाची, प्रवासाची किंवा मोहल्ल्याची असती, तर शिकागोच्या माणसाला ग्वांगझूत जेवण नाकारायचं कारण उरत नाही. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेत रुग्णसंख्या कुठल्याही आफ्रिकी देशापेक्षा कितीतरी जास्त होती. अमेरिकन म्हणून त्याला अडवलं असतं तर साथशास्त्राला धरून तरी झालं असतं. गोऱ्या परदेशी लोकांकडेही त्या काळात लोक संशयाने बघत, बसमध्ये उठून लांब बसत. घरातून सरसकट काढलं मात्र त्यांना नाही.

देश, प्रवास, मोहल्ला, व्हिसा, एकेक कारण वगळत गेलं की शेवटी हातात रंग उरतो.

भूत आणि भाऊ

‘हेई गुइ’ म्हणजे काळं भूत. कँटनी बोलीत ‘हाक ग्वाई’. सफाई देणारे सांगतात की कँटनी माणूस गोऱ्यालाही ‘ग्वाई लो’, म्हणजे भूतच म्हणतो, त्यात काय एवढं. पण गोऱ्याचं भूत आता चेष्टेत मुरलंय, गोरे स्वतःला कौतुकाने तसं म्हणवून घेतात. काळ्याचं भूत अजून शिवीच आहे.

रंगाची ही उतरंड चीनने सगळी पश्चिमेकडून उसनी घेतली, हेही पुरतं खरं नाही. उन्हात राबणारा काळा, सावलीत बसणारा गोरा, हा शेतीप्रधान समाजाचा जुना हिशेब तिथेही आहे. ‘एक गोरेपणा तीन कुरूपता झाकतो’ अशी म्हण आहे त्यांच्याकडे. वधूवरसूचक मंडळांच्या जाहिराती वाचलेल्या मराठी माणसाला तिचा अर्थ समजावून सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यात पश्चिमेचं वंशशास्त्र मिसळलं. कांग युवेइसारख्या सुधारकाच्या कल्पनेतल्या एकसंध जगातसुद्धा काळ्या वंशाला मिश्रविवाहांनी हळूहळू ‘सुधारून’ घ्यायचं होतं, आणि असा विवाह करणाऱ्या गोऱ्या-पिवळ्यांना पदक द्यायचं होतं. समतेचं स्वप्न बघतानाही शिडी तशीच ठेवलेली.

माओच्या काळात वर शब्द बदलले. १९५५ ची आशियाई-आफ्रिकी देशांची बांडुंग परिषद, १९६३-६४ मधला पंतप्रधान झोउ एनलाय यांचा दहा आफ्रिकी देशांचा दौरा, १९७० ते ७५ मध्ये चिनी मजुरांनी टांझानिया आणि झांबियाच्या लोकांबरोबर बांधलेली १,८६० किलोमीटरची रेल्वे. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली जागा चीनला मिळाली ती आफ्रिकी मतांच्या जोरावर. तेव्हापासून ‘आफ्रिकी बंधू’ हा शब्द पक्का झाला. ती मदत खोटी नव्हती, तिच्यात माणसं मेली आहेत. पण या भाऊपणात एक अडचण आहे : वंशद्वेष ही गोऱ्या साम्राज्यवाद्यांनी आपल्या दोघांवर केलेली गोष्ट, म्हणून ती आपल्याकडून घडूच शकत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं. घडली की तिला नाव नसतं. मग ती ‘गैरसमज’ होते.

असा गैरसमज १९८८ च्या नाताळच्या आदल्या रात्री नानजिंगच्या होहाई विद्यापीठात झाला होता. आफ्रिकी विद्यार्थी नाचाच्या कार्यक्रमाला चिनी मैत्रिणींना घेऊन आले, गेटवर त्यांची नोंद करण्यावरून मारामारी झाली, एक चिनी माणूस मेला अशी अफवा उठली आणि हजारोंचे मोर्चे निघाले. आफ्रिकी विद्यार्थ्यांना जीव वाचवायला रेल्वे स्टेशन गाठावं लागलं. गेट, नोंदवही, अफवा, आणि ‘आपल्या’ बायकांसोबत परका पुरुष : ३२ वर्षांनी यातलं काय बदललं? फेब्रुवारी २०२० च्या शेवटी सरकारने परदेशी लोकांच्या कायम वास्तव्याच्या नियमांचा मसुदा चर्चेला ठेवला, तेव्हा समाजमाध्यमांवर जो आगडोंब उसळला त्याचा मोठा भाग काळे पुरुष आणि चिनी मुली यांच्याबद्दलच होता. ग्वांगझूची गेटं बंद झाली त्याला तेव्हा सव्वा महिना उरला होता. दारूगोळा वाळून तयार होता म्हणायचं.

एरवी चिनी इंटरनेटवर काय लिहावं यावर केवढी कडक नजर असते. ‘काळं भूत’ मात्र त्या नजरेला सहसा टोचत नाही. हेही धोरणच.

राजदूतांचं पत्र

इथवरच्या गोष्टी आधीही घडत होत्या. नवं होतं ते आफ्रिकी सरकारांचं बोलणं. एरवी बीजिंगशी कुजबुजत बोलणाऱ्या राजधान्या या वेळी उघड ओरडल्या. बीजिंगमधल्या आफ्रिकी राजदूतांनी परराष्ट्रमंत्री वांग यी यांना एकत्रित पत्र लिहिलं : मध्यरात्री हॉटेलांतून बाहेर काढणं, पासपोर्ट जप्त करणं, व्हिसा रद्द करायच्या आणि हद्दपारीच्या धमक्या, सगळं नोंदवून. १० एप्रिलला नायजेरियाच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती फेमी ग्बाजाबिआमिला यांनी चिनी राजदूत झोउ पिंगजियान यांना समोर बसवून मोबाइलवरची चित्रफीत दाखवली, खुलासा मागितला, आणि त्या भेटीची चित्रफीत स्वतःच प्रसिद्ध केली. दुसऱ्या दिवशी आफ्रिकी संघाच्या आयोगाचे अध्यक्ष मूसा फाकी महामत यांनी चीनच्या तिथल्या राजदूतांना बोलावून घेतलं. घानाच्या परराष्ट्रमंत्र्यांनीही तेच केलं. केनियाच्या एका मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर चीनमधल्या केनियन लोकांची आर्त हाक छापली.

सरकारं एवढी का बोलली? मोबाइलमुळे, हे एक उत्तर. लागोसमधल्या मतदाराने ती चित्रफीत राजदूताच्या आधी बघितली होती. शिवाय दोन दिवस आधी, ८ एप्रिललाच, १५ चिनी वैद्यकीय तज्ज्ञांचं पथक अबुजात उतरलं होतं आणि नायजेरियाच्या डॉक्टरांच्या संघटनेने त्याला आधीच विरोध केला होता. आमच्याकडे तुमचे डॉक्टर विमानातून उतरतायत आणि तुमच्याकडे आमची पोरं फुटपाथवर झोपतायत, हे चित्र कुठल्याही सत्ताधाऱ्याला परवडलं नसतं.

गोव्यात आपण याच खेळाची आपली आवृत्ती पाहिली आहे. २०१३ मध्ये एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला, राज्याच्या एका मंत्र्याने त्यांना कर्करोगाची उपमा दिली, आणि नायजेरियाच्या अधिकाऱ्याने बजावलं की आमच्या लोकांना हुसकाल तर नायजेरियातले भारतीयही रस्त्यावर येतील. तुमचे इतके आमच्याकडे आहेत, हे अशा वेळचं शेवटचं हत्यार. आफ्रिकेत चिनी माणसंही लाखांनी आहेत, आणि २०२० मध्ये केनियात चिनी चेहऱ्याला ‘कोरोना’ म्हणून हिणवलं जात होतंच. आपल्या ईशान्येच्या मुलामुलींना पुण्या-मुंबईत जे ऐकावं लागलं, तेच.

चीनचं उत्तर दोन सुरांत आलं. १२ एप्रिलला परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते झाओ लिजियान म्हणाले की सर्व परदेशी लोकांना समान वागणूक दिली जाते, आफ्रिकी मित्रांच्या तक्रारींवर ग्वांगदोंगने, म्हणजे ग्वांगझू ज्यात आहे त्या प्रांताने, पावलं उचलली आहेत. दुसरा सूर : अमेरिका हे प्रकरण वापरून आमच्यात फूट पाडतेय. १३ तारखेला सहायक परराष्ट्रमंत्री चेन शाओदोंग वीसहून जास्त आफ्रिकी राजदूतांना भेटले. ‘वंशभेद झाला’ असं वाक्य कुणी उच्चारलं नाही. मेच्या सुरुवातीला ग्वांगदोंगने नियम काढले : दुकानं, रुग्णालयं, हॉटेलं, वसाहती यांनी परदेशी लोकांना भेदभाव न करता सेवा द्यावी. घडलंच नव्हतं तर नियम कशासाठी, असं कुणी विचारलं असेल तर ते छापून आलं नाही.

आफ्रिकी राजधान्यांचा आवाजही महिन्याभरात खाली आला. कर्जांचे हप्ते तोंडावर होते. १५ एप्रिलला जी-२० देशांनी गरीब देशांच्या हप्त्यांना स्थगिती जाहीर केली, आणि आफ्रिकेचा सगळ्यात मोठा द्विपक्षीय सावकार चीन. १७ जूनला साथीवर चीन-आफ्रिका विशेष शिखर बैठक झाली. शी जिनपिंग यांनी २०२० अखेर फेडायची बिनव्याजी कर्जं माफ करायची घोषणा केली. ज्यांच्या बॅगा रस्त्यावर आल्या त्यांच्या हातात यातलं काय पडलं, हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या सरकारांनाही विचारायला हवा. मला तर वाटतं, त्यांनाच आधी.

कागद

१४ दिवस पूर्ण झाल्यावर विलगीकरणातून सुटणाऱ्याला तसा कागद मिळायचा. तो घेऊन माणूस आपल्या वसाहतीच्या गेटवर जायचा. कागद दाखवूनही आत सोडलं नाही, घरमालकाने कुलूप बदललं, असं सांगणारे बरेच होते. काही चिनी आणि परदेशी स्वयंसेवक त्या दिवसांत अडकलेल्यांना जेवण आणि किराणा पोहोचवत होते. तेही नोंदवायला हवं, कारण ते लोकही त्याच मोहल्ल्यांत राहत होते आणि त्यांनाही शेजारी होतेच.

बरेच आफ्रिकी व्यापारी पहिलं विमान मिळताच गेले. देशाचं दार पुन्हा नीट उघडलं ८ जानेवारी २०२३ ला, पावणेतीन वर्षांनी. मधल्या काळात माल थांबला नाही. लागोसचा दुकानदार फोनवर फोटो बघून माल ठरवायचा, ग्वांगझूतला चिनी दलाल तो उचलून बोटीवर चढवायचा. तिआनशिऊतला कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये गेला. ज्यांच्या बायका चिनी आहेत, मुलं इथल्या शाळेत आहेत, असे काही जण मागे राहिले. नवऱ्याच्या व्हिशावर अजून मुदत असते आणि ती संपत आली की तो पुन्हा त्याच खिडकीशी रांगेत उभा राहतो.